परतलेल्या रक्ताचा घाव

निर्जळी उपास केलेल्या माणसाला पारण्याच्या दिवशी आपल्या घरांतून आधी काय देतात? भाताची पेज, फार तर मुगाचे कढण. पुरणाचे ताट त्यानंतर, आणि तेही सावकाश. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी हे शास्त्र कोणत्या ग्रंथात वाचले नव्हते. उपाशी पोटाला उपासाइतकेच एकदम भरण्याचेही भय असते, एवढे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. शरीरातील इंद्रियांना रक्ताचा उपास घडतो तेव्हाही हेच होते. रक्त थांबले म्हणून इजा होते, ती तर खरीच. पण थांबलेले रक्त परत येते त्या क्षणी दुसरी इजा होते, आणि पुष्कळदा ती पहिलीहून भारी असते. वैद्यकशास्त्राला हे नीट उमगायला विसाव्या शतकाचा मोठा भाग लागला. फुफ्फुसाच्या प्रत्यारोपणाचा इतिहास पाहिला की हे उमगणे किती कष्टाचे होते याची कल्पना येते.

प्रस्तुत लेखकाचा विषय इतिहास, शस्त्रक्रिया नव्हे. परंतु लढाया आणि तह शिकवता शिकवता असे वाटू लागते की माणसाच्या शरीरात चाललेल्या लढायांनाही सनावळ्या आहेत, सेनापती आहेत, आणि हुकलेल्या संधीही आहेत. त्यांची बखर कुणीतरी साध्या मराठीत सांगावयास हवी.

आरंभ करावा लागतो तो फ्रान्समधील लिआँ शहरापासून. १८९४ साली त्या शहरात फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर एका अराजकवाद्याने खंजिराचा वार केला. पोटातली मोठी रक्तवाहिनी तुटली होती आणि तुटलेली रक्तवाहिनी शिवण्याची विद्या त्या काळी कोणालाच अवगत नव्हती. अध्यक्ष गेले. त्या वेळी लिआँमध्ये वैद्यकी शिकणाऱ्या अलेक्सिस कारेल या तरुणाला ही गोष्ट लागून राहिली. त्याने लिआँच्या एका निष्णात भरतकाम करणाऱ्या बाईकडे जाऊन बारीक सुईचे टाके शिकून घेतले. रेशमी कापडावरची ती कला पुढे रक्तवाहिन्यांवर आली आणि १९१२ साली कारेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या शिवणीमुळे जगातले प्रत्येक प्रत्यारोपण शक्य झाले तिचे मूळ एका कशिदाकारिणीच्या हातात आहे, ही गोष्ट आमच्या शाळेतल्या शिवणकामाच्या तासाला टिंगल करणाऱ्या मुलांना मी आवर्जून सांगतो.

या कारेल यांनी अमेरिकेत गेल्यावर एक प्रयोग केला. मांजराच्या आठवड्याभराच्या पिलाचे हृदय आणि फुफ्फुसे काढून त्यांनी ती एका मोठ्या मांजराच्या मानेत जोडली. १९०७ साली त्यांनी त्याची हकीकत प्रसिद्ध केली. रक्त सुरू होताच हृदय धडधडू लागले, फुफ्फुसे लाल झाली. आणि मग ती सुजली. त्यांत पाणी भरले. कारेल यांनी ते नोंदवले आणि ते पुढे गेले. आज मागे वळून पाहताना वाटते, आपला सारा विषय त्या एका नोंदीत होता. रक्तवाहिन्यांची शिवण उत्तम, हृदय चालू, आणि तरीही फुफ्फुसात पाणी. पण प्रश्न विचारण्याची वेळ तेव्हा आली नव्हती.

त्यानंतरचे नाव रशियातले. व्लादिमिर देमिखोव यांनी १९४६ साली कुत्र्यात हृदय-फुफ्फुसांचे आणि १९४७ साली फुफ्फुसाचे प्रत्यारोपण केले. पुढे दोन डोकी असलेल्या कुत्र्याच्या प्रयोगामुळे त्यांची अचाट माणूस अशीच ख्याती झाली आणि मूळ काम झाकोळले गेले. दक्षिण आफ्रिकेचे ख्रिश्चन बर्नार्ड, ज्यांनी १९६७ मध्ये माणसाचे पहिले हृदय बदलले, ते मात्र देमिखोव यांना गुरू मानीत.

माणसाच्या फुफ्फुसाची पाळी आली ११ जून १९६३ रोजी. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन; तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. जेम्स हार्डी यांनी एका ५८ वर्षांच्या रोग्याला मृत माणसाचे डावे फुफ्फुस बसवले. रोगी खुनाबद्दल जन्मठेप भोगणारा कैदी होता आणि त्याला फुफ्फुसाचा कर्करोग होता. मानवजातीच्या कामी आल्याबद्दल राज्याच्या गव्हर्नरांनी पुढे त्याची शिक्षा माफ केली. इतिहासाच्या मास्तराला एक गोष्ट इथे गाळून पुढे जाता येत नाही. त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणारे मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली गेली आणि त्यांना याच रुग्णालयात आणण्यात आले. ते वाचले नाहीत. एका छपराखाली माणसाला नवा श्वास देण्याचा पहिलाच प्रयत्न चालू असताना त्याच छपराखाली केवळ कातडीच्या रंगापायी मारलेला माणूस शेवटचा श्वास घेत होता. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत हार्डींच्या शस्त्रक्रियेला फारशी जागा मिळाली नाही, तर त्यात नवल नव्हते.

तो कैदी १८ दिवस जगला. मूत्रपिंडे निकामी होऊन तो गेला. पण नवे फुफ्फुस चालले होते, एवढे सिद्ध झाले. मग जगभर प्रयत्न सुरू झाले. पुढच्या वीस वर्षांत सुमारे ४० रोग्यांना फुफ्फुसे बसवण्यात आली आणि बहुतेक सर्व काही दिवसांत किंवा आठवड्यांत दगावले. एकच अपवाद सांगण्याजोगा: १९६८ साली बेल्जियममधील गेंट येथे डॉ. फ्रित्स देरोम यांनी ज्याला फुफ्फुस बसवले तो २३ वर्षांचा कामगार दहा महिने जगला. वाळूचा झोत मारून धातू घासण्याच्या कामात त्याच्या छातीत धूळ बसली होती. दगडाच्या खाणींवर काम करणाऱ्यांची वस्ती ज्यांच्या गावाजवळ आहे त्यांना हा रोग वेगळा सांगावयास नको.

याच १९६८ मध्ये, १६ फेब्रुवारीला, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले मानवी हृदय-प्रत्यारोपण केले. रोगी काही तासांतच गेला. त्या काळात जगभर हृदयाचे असेच चालले होते आणि बहुतेक ठिकाणी हात आखडते घेतले गेले. फुफ्फुसाचे तर त्याहून वाईट.

हे सगळे रोगी का दगावत होते? एक कारण सर्वांना ठाऊक होते: शरीर परक्या अवयवाला नाकारते. दुसरे कारण, श्वासनळीचा जोड उसवतो. या दोन्हींवर उत्तर शोधणारे माणूस म्हणजे टोरांटोचे डॉ. जोएल कूपर. नकार दडपण्यासाठी जी स्टेरॉइड औषधे पहिल्या दिवसापासून देत, त्यांनीच श्वासनळीची जखम भरत नाही, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत ओळखले. तोवर नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे नवे औषध निघाले होते. स्टेरॉइड पुढे ढकलता आले. आतड्यांवर पदरासारखा पसरलेला चरबीचा पडदा वर ओढून त्यांनी तो श्वासनळीच्या जोडाभोवती गुंडाळला, की त्यातून जोडाला रक्त मिळावे. ७ नोव्हेंबर १९८३ रोजी टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये एका ५८ वर्षांच्या गृहस्थाला त्यांनी एक फुफ्फुस बसवले. तो सहा वर्षांहून अधिक जगला. वीस वर्षांचा दुष्काळ संपला.

आणि इथेच तिसरा शत्रू स्पष्ट दिसू लागला. पहिले दोन मागे हटल्यावाचून तो दिसण्याजोगा नव्हता. रोग्याला गुंगीतून जाग येण्याआधीच, कधी टाके पूर्ण होऊन चिमटे सोडल्यावर काही तासांत, नवे फुफ्फुस पांढरे पडे. म्हणजे क्ष-किरणाच्या चित्रात जिथे हवेचा काळोख दिसायचा तिथे पाण्याचा पांढरेपणा. शरीराला परके म्हणून नाकारायला काही दिवस लागतात. हे तर पहिल्याच रात्री होई. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या सीगलमन, व्हीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोष्टीला नाव दिले होते. त्यांनी कुत्र्याचे स्वतःचेच फुफ्फुस काढून त्यालाच परत बसवले. आपल्याच घरची वस्तू आपल्याच घरी, तेव्हा नकाराचा प्रश्नच नव्हता. तरीही ते सुजले. दोष परकेपणाचा नव्हता. उपास आणि पारणे यांचा होता.

आता थोडे शास्त्र सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

१९६० साली शिकागोत रॉबर्ट जेनिंग्ज यांनी कुत्र्याच्या हृदयाची रक्तवाहिनी काही काळ बांधून मग सोडली. रक्त परत आल्यावर स्नायूंचा नाश थांबण्याऐवजी काही बाबतीत वेगाने दिसू लागला. याचा खुलासा वीस वर्षांनी झाला, आणि तो भलत्याच दिशेने आला. १९६९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड हा विद्यार्थी आणि त्याचे गुरू अर्विन फ्रिडोविच यांना पेशीतील एका विकराचा शोध लागला. प्राणवायूचा एक बेभान अवतार पेशीत तयार होतो आणि हे विकर त्याला आवरते. ज्या प्राणवायूवर आपण जगतो त्याचाच एक कण, एक जादा इलेक्ट्रॉन घेऊन, समोर येईल त्याला चावत सुटतो! विकर आहे म्हणजे असा कण पेशीत रोज तयार होत असला पाहिजे. चोर नसता तर घराला कुलूप कशाला? १९८१ मध्ये ग्रेंजर, मॅककॉर्ड व सहकाऱ्यांनी मांजराच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले की रक्त अडवून परत सोडल्यावर होणारी इजा हे विकर आधी दिले तर बरीच कमी होते. म्हणजे इजा करणारा होता परत आलेला प्राणवायूच.

घडते ते असे. रक्त थांबले की पेशीतली शक्तीची शिल्लक संपते आणि तिच्या मोडतोडीचा कचरा साठत जातो. तो कचरा जाळणारे विकरही याच काळात रूप बदलून बसलेले असते. अचानक प्राणवायू आला की हे विकर त्याच्या साहाय्याने कचरा जाळू लागते आणि त्या जळण्यातून ते बेभान कण भराभर बाहेर पडतात. पहिला मार बसतो तो रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला. हे अस्तर म्हणजे नुसता गिलावा नव्हे. जिवंत पेशींची ती एकपदरी फरसबंदी असून रक्त पातळ ठेवणे, वाहिनी सैल ठेवणे, पांढऱ्या पेशींना चिकटू न देणे ही सर्व कामे तीच करते. मार बसला की फरशांच्या सांधी उघडतात. रक्तातले पाणी आणि प्रथिने बाहेर झिरपतात. अस्तरावर चिकट रेणू उगवतात, पांढऱ्या पेशी तिथे अडकतात, आणि रोगजंतूंसाठी राखलेला दारूगोळा आपल्याच घरात उडवतात.

फुफ्फुसाच्या बाबतीत हे अधिक भयंकर का? फुफ्फुसात सुमारे ३० कोटी किंवा त्याहूनही अधिक वायुकोश असतात. ते उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे तीन-चार खोल्यांचे घर. वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतले रक्त यांच्यामधला पडदा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. आणि या पडद्याच्या पलीकडून हृदयाने टाकलेले सगळे रक्त, मिनिटाला सुमारे पाच लिटर, जाते. मूत्रपिंडाच्या वाट्याला त्याचा पाचवा हिस्सा येतो. सुजलेले मूत्रपिंड आठवडाभर रुसून बसले तरी रोग्याला यंत्रावर जगवता येते. फुफ्फुस पाण्याने भरले तर मात्र वेळ मिनिटांची असते. शिवाय दोन्ही फुफ्फुसे एकामागून एक बसवताना आणखी एक संकट. पहिले नुकतेच जोडले गेलेले, आणि दुसरे शिवून होईपर्यंत सगळे पाच लिटर त्या एकट्यावर. हंगामभर कोरड्या पडलेल्या पाटात धरणाचे दार एकदम उघडावे तसे. पहिल्या लोंढ्यानेच बांध फुटतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

फुफ्फुसाचे एक कोडे मात्र निराळे होते. काढलेल्या फुफ्फुसात हवा भरलेली असते, म्हणजे त्याच्या पेशींना प्राणवायू मिळतच असतो. मग उपास कसला? फिलाडेल्फियाचे आरन फिशर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात याचे उत्तर दिले. अस्तराच्या पेशींना रक्तातल्या प्राणवायूइतकीच रक्ताच्या वाहण्याचीही खबर असते. प्रवाह अंगाला घासून जातो आहे, तोवर त्या शांत. प्रवाह थांबला की त्यांच्या पडद्यावरचा विद्युत्भार बदलतो आणि हवा भरपूर असूनही त्या बेभान कण सोडू लागतात. नदीकाठच्या माणसाला रात्री पाण्याचा आवाज थांबला की जाग यावी, तसे हे आहे. मला तर या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर शोध वाटतो.

आता बचावाकडे येऊ. पहिला बचाव बर्फाचा. १९६९ साली कॅलिफोर्नियात जेफ्री कॉलिन्स यांनी मूत्रपिंड धुऊन बर्फात तीस तास टिकवण्यासाठी एक द्रावण तयार केले. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त असते, म्हणून द्रावणातही ते जास्त ठेवले. पुढे त्याच्याच सुधारित आवृत्तीने फुफ्फुसेही धुतली जाऊ लागली. त्यात पोटॅशियमचे प्रमाण लिटरला ११५ एकके होते. आपल्या रक्तात ते चारच्या आसपास असते. मूत्रपिंडाला जे मानवले ते फुफ्फुसाच्या वाहिन्यांना मात्र सोसेना. पोटॅशियमचा हा तडाखा बसताच त्या आवळतात, द्रावण सर्वत्र पोहोचत नाही आणि अस्तरालाही इजा होते. म्हणजे रक्षणासाठी आणलेला पहारेकरीच घरच्यांना बडवीत होता. आणि हे बरीच वर्षे चालले, कारण इतर अवयवांसाठी चाललेला घट्ट बसलेला रिवाज मोडायला कोणी धजत नव्हते.

जपानमधील सेंडाई येथे फुजीमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या सुमारास उलट वाट धरली: रक्तासारखेच, कमी पोटॅशियमचे द्रावण. टोरांटोत शाफ केशवजी या तरुण शल्यविशारदाने तो धागा उचलला (नाव ऐकून वाचकांना गुजराती वळणाची आठवण होईल, ती रास्तच आहे). १९८९ मध्ये त्यांनी कुत्र्यांच्या फुफ्फुसांवर दाखवले की कमी पोटॅशियम आणि सोबत डेक्स्ट्रान असेल तर बारा तास ठेवलेले फुफ्फुसही चांगले काम देते. डेक्स्ट्रान हा साखरेपासून जिवाणूंनी बनवलेला लांब साखळीचा पदार्थ. तो पाणी वाहिनीतच धरून ठेवतो आणि तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटू देत नाही. शतक संपता संपता हेच द्रावण जगभरच्या फुफ्फुस-केंद्रांत रूढ झाले. धुण्यापूर्वी प्रोस्टाग्लँडिन टोचून वाहिन्या सैल करायच्या, फुफ्फुस अर्धवट फुगवून ठेवायचे, धमनीकडून धुतल्यावर शिरेकडून उलटेही धुवायचे, हेही हळूहळू ठरत गेले.

प्रोस्टाग्लँडिन वाहिन्या सैल करते एवढेच पूर्वी समजत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात योशिफुमी नाका, डेव्हिड पिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ च्या सुमारास उंदरांवर प्रयोग करून त्याचे खरे मर्म दाखवले. अस्तराच्या पेशींत एक निरोप्या रेणू असतो. तो भरपूर असला की फरशांच्या सांधी घट्ट राहतात आणि पांढऱ्या पेशी चिकटत नाहीत. रक्त थांबले की तो घटतो. प्रोस्टाग्लँडिन त्याची पातळी टिकवून धरते. सैलपणा हा त्या मानाने गौण फायदा.

याच सुमारास नायट्रिक ऑक्साइडचा बोलबाला झाला. अस्तर हा वायू स्वतः तयार करते आणि त्याने वाहिनी सैल राहते. १९९८ चे वैद्यकाचे नोबेल यासाठीच फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना मिळाले. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी याच वायूमुळे काम करते. सुरुंगाच्या दारूवर श्रीमंत झालेल्या आल्फ्रेड नोबेल यांना अखेरच्या दिवसांत डॉक्टरांनी तेच नायट्रोग्लिसरिन औषध म्हणून सांगितले होते, ही इतिहासाची थट्टाच. रक्त परत येते तेव्हा ते बेभान कण हा वायू खाऊन टाकतात, तेव्हा तो बाहेरून द्यावा हा विचार सरळ होता. प्राण्यांत फळे चांगली आली. काही केंद्रांत रोग्यांनाही गुण दिसला. मग टोरांटोत ८४ रोग्यांवर काटेकोर चाचणी झाली. निम्म्यांना रक्त सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी हा वायू श्वासातून दिला, निम्म्यांना नाही. २००३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत फरक नव्हता.

या निकालाने पुष्कळांची निराशा झाली. मला त्यात एक साधा प्रश्न दिसतो: दहा मिनिटे उशीर तर झाला नसेल? कारण १९९६ मध्येच इंग्लंडमधील संशोधकांनी उंदरांच्या फुफ्फुसांवर दाखवले होते की पहिली दहा मिनिटे हीच निर्णायक. या वेळात अस्तराच्या सांधी थोड्या काळापुरत्या सैल असतात. तेवढा वेळ रक्त कमी दाबाने सोडले तर पुढे पूर्ण दाब सोसतो. एकदम सोडले तर फुफ्फुस पाण्याने भरते. औषध नाही, यंत्र नाही. चिमटा हळूहळू सैल करायचा. आज अनेक ठिकाणी शस्त्रवैद्य असेच करतात: सहायकाची बोटे धमनीवर, भूल देणाऱ्याचे डोळे दाबाच्या आकड्यावर, आणि सगळ्या खोलीने मिनिटे मोजत थांबायचे.

२००५ साली हृदय-फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या इजेच्या परिणामाची व्याख्या ठरवली. पहिल्या ७२ तासांत फुफ्फुस किती पांढरे आणि प्राणवायू किती, यावरून तिच्या पायऱ्या लावल्या. तोवर प्रत्येक रुग्णालयाचे माप वेगळे होते. कामाची गोष्ट झाली, पण रुक्ष. तिच्यापाशी फार रेंगाळत नाही.

त्याच काळात स्वीडनच्या लुंद शहरात स्टीग स्टीन यांनी अगदी वेगळा प्रश्न विचारला. फुफ्फुसाला पारणे रोग्याच्या छातीतच का घडवायचे? आधी बाहेरच घडवून पाहावे. २००० साली त्यांनी हृदयविकाराने मरण पावलेल्या माणसाचे फुफ्फुस शरीराबाहेर यंत्रावर ठेवून, त्यातून द्रावण फिरवून, ते चालते की नाही हे पारखले आणि मगच बसवले. टोरांटोत केशवजी आणि मार्सेलो सिपेल यांनी ही रीत पुढे नेली. काचेच्या घुमटाखाली, शरीराच्या उष्णतेला, चार-चार तास फुफ्फुस श्वास घेत असते. त्यातून वाहतो तो द्रव पांढऱ्या पेशींविना, आणि दाब हळूहळू वाढवलेला. २०११ मध्ये त्यांनी जाहीर केले: एरवी टाकून दिली गेली असती अशी २३ दात्यांची फुफ्फुसे यंत्रावर ठेवली, २० बसवता आली, आणि ती नेहमीच्या उत्तम फुफ्फुसांच्या तोडीस उतरली.

आणि आता बर्फाविषयी. अवयव जितका थंड तितका सुरक्षित, हे सूत्र कॉलिन्स यांच्या काळापासून कोणी तपासूनच पाहिले नाही असे नव्हे. कूपर नंतर अमेरिकेतील सेंट लुईस येथे गेले. तेथे हिरोशी दाते या जपानी शल्यविशारदासह त्यांनी १९९२ मध्ये लिहिले की कुत्र्याचे फुफ्फुस ४ अंशांपेक्षा १० अंश सेल्सिअसवर चांगले टिकते. शोधनिबंध छापून आला, वाचला गेला, आणि बर्फाच्या पेट्या तशाच धावत राहिल्या. कारण साधे असावे. बर्फ कुठेही मिळतो, पेटीत घातला की झाले. १० अंश राखायला यंत्र हवे. पण तीस वर्षे? इतिहासात अशी उदाहरणे थोडी नाहीत, तरी प्रत्येक वेळी नव्याने चुटपुट लागते. २०२१ मध्ये टोरांटोच्या मंडळींनी डुकरांच्या फुफ्फुसांवर तो प्रयोग पुन्हा केला. १० अंशांवर ३६ तास ठेवलेले फुफ्फुसही चालले. बर्फात पेशीतल्या तंतुकणिका, म्हणजे तिच्या चुली, विझताना मोडतात. १० अंशांवर त्या मंदपणे तेवत राहतात आणि रक्त आल्यावर नीट पेटतात. २०२३ मध्ये टोरांटो, व्हिएन्ना आणि माद्रिद येथील ७० रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध झाला. संध्याकाळनंतर मिळालेले फुफ्फुस रात्रभर १० अंशांवर ठेवून सकाळी, ताज्या हातांनी आणि ताज्या डोळ्यांनी, बसवले तरी नुकसान होत नाही.

याचे मोल आपल्या देशात अधिक आहे. मेंदूच्या मृत्यूला मान्यता देणारा आणि अवयवांच्या बाजाराला आळा घालणारा कायदा १९९४ साली झाला. तो करावा असा ठराव ज्या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी केला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन राज्ये होती. तिसरे हिमाचल प्रदेश. कर्नाटकासह इतर राज्यांनी तो नंतर स्वीकारला. १९९९ साली चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी भारतातले पहिले हृदय-फुफ्फुस प्रत्यारोपण केले, आणि २०२० च्या कोरोनाच्या साथीत चेन्नई व हैदराबाद येथे फुफ्फुस गमावलेल्या रोग्यांना नवी फुफ्फुसे बसवली गेली. पण आपल्यासारख्या जिल्ह्यातला दाता आणि ही केंद्रे यांत शेकडो किलोमीटरांचे अंतर. रस्ता मोकळा करून रुग्णवाहिका विमानतळावर पोहोचवली तरी त्या दिवसाचे विमान गेलेले असू शकते. बर्फातल्या फुफ्फुसासाठी सहा ते आठ तासांची मर्यादा मानत आले आहेत. त्यामुळे मृत दात्याच्या नातेवाइकांनी काळजावर दगड ठेवून होकार दिला तरी मूत्रपिंडे आणि डोळे घेतले जातात आणि फुफ्फुसे दात्याबरोबरच जातात, असे पुष्कळदा घडते. दहा अंशांची पेटी आणि एक रात्र हाताशी असली तर यातली काही वाचतील.

पहिल्या रात्रीचा तो घाव मात्र अजून पुरता टळलेला नाही. त्याची तीव्र पायरी आजही दहा रोग्यांत एक ते तीन जणांना गाठते, आणि उंदरांत यशस्वी झालेल्या अनेक औषधांपैकी एकही अद्याप सर्वमान्य होऊन रोग्याच्या खाटेपर्यंत पोहोचलेले नाही. जे पोहोचले ते असे: रक्ताशी जुळणारे पाणी, बेताचा गारवा, आणि चिमटा सोडताना घेतलेली दहा मिनिटे.